तीन म्हणजे किती?

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवायला निघालेला माणूस ओळखायला सोपा असतो. त्याच्या नखांत काळे असते, मोबाइलमध्ये मुलाबाळांपेक्षा इंजिनाचे फोटो जास्त असतात आणि ‘झालंच आहे, आता फक्त पाइप जोडायचे राहिलेत’ हे वाक्य तो गणपतीपासून शिमग्यापर्यंत त्याच आत्मविश्वासाने ऐकवत असतो. घरच्यांनी विचारणे सोडून दिलेले असते. चेनपुलीला लटकलेले इंजिन बॉनेटखाली उतरते तेव्हा व्हिडिओ निघतो, नारळ फुटतो, शेजारच्या टायरवाल्यासकट सगळ्यांना चहा येतो. पेट्रोलचा पाइप जोडतानाचा व्हिडिओ मात्र कोणी काढत नाही. पुढचे सगळे महाभारत त्याच पाइपात भरलेले असते.

महाराष्ट्रात या छंदाची लाडकी गाडी म्हणजे जिप्सी. १९८५ मध्ये आली तेव्हा तिला ९७० सीसीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन होते. पुढे तेराशे सीसीचे आले आणि २००० च्या सुमारास त्याच तेराशेला एमपीएफआय मिळाले, म्हणजे कार्ब्युरेटरची सुटी झाली आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर आला. अश्वशक्ती ऐंशीवर गेली. त्यामुळे जुनी, गंजलेली पण मनाने तरुण अशी कार्ब्युरेटरवाली जिप्सी बाळगणाऱ्या गृहस्थाला पुढची पंधरा-वीस वर्षे एकच स्वप्न पडते : कुठे तरी ठोकलेली एमपीएफआय जिप्सी मिळावी आणि तिचे इंजिन आपल्या गाडीत यावे. कुर्ल्याच्या भंगारबाजारापासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत शोध चालतो. शेवटी इंजिन मिळते, त्याच्यासोबत वायरिंगचा एक भलामोठा गुंता आणि ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, डबा मिळतो. पंप मिळत नाही. पंप टाकीत असतो, टाकी भंगारवाल्याने आधीच वेगळी विकलेली असते.

‘पंपाचं काय एवढं? कुठलाही लावू,’ असे उस्ताद म्हणतात. इथून कथानकाला खरा वेग येतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल पुरवणारा पंप हा अत्यंत सालस प्राणी होता. इंजिनाच्या अंगाला बसलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्याने आतला पडदा वरखाली करणारा, आणि टाकीतून पेट्रोल ओढून हलकेच पुढे ढकलणारा. त्याचा दाब साधारण तीन ते पाच पीएसआय. त्याहून जास्त देऊन उपयोगही नसे, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट आणि एक सुई असते. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. दाब वाढला की सुईचे काही चालत नाही, पेट्रोल वाहू लागते आणि उस्ताद म्हणतात, ‘ओव्हर होतंय.’

या पंपाचा एकच दुर्गुण होता, आणि तो सगळ्या महाराष्ट्राने घाटात पाहिलेला आहे. मे महिन्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर अँबॅसिडर किंवा पद्मिनी बॉनेट उघडून उभी असे आणि तिच्या पंपावर ओले फडके ठेवलेले असे. नातेवाईक झाडाखाली डबे उघडून बसलेले, चालक दर पाच मिनिटांनी फडक्यावर पाणी शिंपडतोय. बघणाऱ्याला ती अंधश्रद्धा वाटे, पण ते अस्सल भौतिकशास्त्र होते. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा ओढणाऱ्या बाजूला दाब कमी होतो. दाब कमी झाला की उकळणेही लवकर होते, त्यात इंजिनाची धग. पाइपात पेट्रोलऐवजी वाफ येते, आणि वाफ ढकलणे हे त्या पडद्याचे काम नव्हे. फडके पंप थंड करी, वाफेचे पुन्हा पेट्रोल होई, गाडी सुरू होई आणि प्रवाशांना आपण गणपतीला बोललेल्या नवसाचा गुण आला असे वाटे.

इंजेक्शनच्या गाडीने हा प्रश्न मुळातून मिटवला. पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला. तो ओढत नाही, नुसता ढकलतो, आणि दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. हा दाब साधारण तीन असतो.

तीन काय? तीन बार. आणि जुन्या पंपाचे तीन होते ते पीएसआय.

आता गॅरेजात फोनवर चालणारा संवाद डोळ्यांसमोर आणावा. ‘उस्ताद, प्रेशर किती पाहिजे?’ ‘तीन.’ ‘तीन मिळतंय.’ ‘मग झालं की.’ दोघेही खरे बोलत असतात आणि गाडी सुरू होत नसते. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. घरच्या पाण्याच्या भाषेत सांगायचे तर तीन पीएसआय म्हणजे नळाच्या वर सात फुटांवर ठेवलेल्या टाकीचे पाणी, आणि तीन बार म्हणजे शंभर फुटांवरच्या, दहाव्या मजल्याच्या गच्चीतल्या टाकीचे. कार्ब्युरेटरमधली ती फ्लोटची सुई म्हणजे टाकीतला बॉलकॉकच. सात फुटांच्या हिशेबाने बसवलेल्या बॉलकॉकवर दहा मजल्यांचे पाणी सोडले तर खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड वर येऊन काय बोलेल, ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

भरीस भर म्हणून दाब मोजायच्या गेजच्या तबकडीवर बाहेरच्या काळ्या आकड्यांत पीएसआय असते, आतल्या लाल आकड्यांत बार किंवा किलो. जपानी पुस्तकात किलोपास्कल असतात, म्हणजे तिथे हेच तीन होतात तीनशे. टायरवाला हवा ‘तीस’ भरतो ती पीएसआयमध्ये. एवढ्या सगळ्या आकड्यांतून वाट काढत माणूस जातो आणि शेवटी गेजकडे न बघताच निदान करतो.

कारण गेज लावणे हा आपल्याकडे जरा अपमानाचा प्रकार आहे. तीस वर्षे धंद्यात असलेल्या उस्तादांना कान आहे, नाक आहे, हात आहे. सेल्फ मारल्याचा आवाज ऐकून ते सांगतात, ‘कचरा आलाय.’ मराठी गॅरेजातले हे आद्य निदान आहे. गाडी झटके मारते, कचरा आलाय. पिकअप नाही, कचरा आलाय. ॲव्हरेज पडला, कचराच. जेट साफ करायची सवय लागलेल्या हातांना इंजेक्टरही जेटच वाटतो.

कचरा निघाला नाही तर पुढची परीक्षा बाटलीची. इंजिनाकडे जाणारा पाइप काढायचा, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडायचा आणि मालकाला चावी फिरवायला सांगायची. बाटलीत धो धो पेट्रोल येते. ‘बघा, काय जोरात येतंय!’ सगळे समाधानाने माना डोलावतात. या प्रयोगात पेट्रोल किती येते ते कळते, दाब किती आहे ते मुळीच कळत नाही. समोर अडवणारे कोणी असल्याशिवाय दाब तयारच होत नाही. उघड्या पाइपातून वाहणाऱ्या पेट्रोलला कसलाही विरोध नसतो. नगरपालिकेच्या एकमताने मंजूर झालेल्या ठरावासारखे ते सुखाने वाहते.

शेवटी कोणीतरी गेज आणतो. पंपानंतर, इंजेक्टरच्या नळीच्या अलीकडे तो जोडला जातो. चावी अर्धी फिरवली की ईसीएम पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नाही असे दिसले की बंद करतो. त्या दोन-तीन सेकंदांत काटा उसळी मारतो, आणि गॅरेजात प्रथमच शांतता पसरते. ‘कुठलाही लावू’ म्हणत कार्ब्युरेटरच्या गाडीचा विजेवरचा पंप लावलेला असेल तर काटा शून्याच्या शेजारी जरासा हलतो आणि तिथेच थांबतो. मालक काचेवर टिचकी मारून बघतो. काटा ढिम्म.

मग नवा पंप येतो, काटा वर जातो आणि नवी चूक सुरू होते. इंजिन सुरू झाल्यावर आयडलला गेज दाखवतो सुमारे अडीच. ‘तीन पाहिजे, अडीचच मिळतंय,’ म्हणून उस्ताद बाजारातून आणलेल्या, पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू आवळतात आणि काटा बरोबर तीनवर आणून ठेवतात. गाडी पेट्रोल प्यायला लागते. प्लग काढले तर काजळी धरलेले. सायलेन्सरमागे उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे चुरचुरतात. ॲव्हरेज विचारला की मालक विषय बदलून पावसावर बोलतो.

घोळ होतो तो एका करंगळीएवढ्या रबरी नळीत. रेग्युलेटरच्या डोक्यावरून ती इन्टेक मॅनिफोल्डला जाते. आयडलला इंजिन हवा ओढत असते, पण थ्रॉटल जवळजवळ मिटलेले, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. इंजेक्टरचे तोंड त्याच मॅनिफोल्डमध्ये. मागून दाब आणि पुढून ओढ, दोन्ही मिळून पेट्रोल जास्त जाणार. म्हणून रेग्युलेटर त्या नळीतून निर्वाताचा अंदाज घेतो आणि पेट्रोलचा दाब तेवढा उतरवतो. ॲक्सिलरेटर दाबला, निर्वात गेला, की दाब पुन्हा वर. म्हणजे आयडलला दिसणारे अडीच हे बरोबरच असतात! मूळ दाब बघायचा तर ती नळी काढून, तिचे तोंड बोटाने बंद करून बघायचा. नळी लावलेली असताना तीन केले की खरा दाब साडेतीनच्या आसपास जातो आणि प्रत्येक वेळी सुमारे आठ टक्के पेट्रोल जास्त पडते.

आठच का, असे एखादा हुशार वाचक विचारेल. दाब सतरा टक्के वाढला तर पेट्रोलही सतरा टक्के वाढायला हवे. तसे होत नाही. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तर पेट्रोल दीडपटही होत नाही. दुप्पट पेट्रोल हवे तर दाब चौपट करावा लागेल, आणि तोवर पाइपाने राजीनामा दिलेला असेल. ‘प्रेशर वाढवलं की ताकद वाढते’ असे सांगणारे मित्र प्रत्येक गॅरेजाच्या बाकावर असतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीचे बॉनेट कधी उघडलेले कोणी पाहिलेले नसते.

या सगळ्यात ईसीएमची भूमिका मोठी करुण आहे. त्याला हवेचा दाब कळतो, पाण्याचे तापमान कळते, थ्रॉटल किती उघडले ते कळते. पेट्रोलचा दाब कळत नाही. त्या पिढीच्या गाड्यांत त्याच्यासाठी सेन्सरच दिलेला नाही. दाब तीन आहे असे तो गृहीत धरतो आणि आयडलला इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. तिकडे पाइपात दीड असो की साडेचार, त्याचा हिशेब बिनचूक. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो काही काळ सांभाळून घेतो, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की त्याचेही कोणी ऐकत नाही.

स्क्रू पूर्ण सैल केला तरी काटा चारच्या खाली येत नाही, हा आणखी एक प्रकार. मालक रेग्युलेटरवाल्याला शिव्या घालतो. रेग्युलेटर बिचारा जादाचे पेट्रोल टाकीकडे परत पाठवून दाब राखतो, आणि परतीची नळी असते जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली, बारीक, त्यात एका वळणावर जॅक लागून चेपलेली. जायला रुंद रस्ता आणि यायला बोळ. ही नळी गाडीखाली असते, चिखलाने माखलेली, त्यामुळे तिच्याकडे शेवटी लक्ष जाते. तोवर दोन रेग्युलेटर विकत घेऊन झालेले असतात.

सगळ्यात रहस्यमय आजार रात्रीचा. दिवसा गाडी सुतासारखी चालते. रात्री हेडलाइट लावून चढावर घेतली की गचके खाते. सकाळी उस्तादांकडे न्यावी तर पुन्हा शहाण्यासारखी. या टप्प्यावर लिंबू-मिरची बदलली जाते, आणि एखादी मावशी अमावास्येचा उल्लेख करते. मल्टिमीटर लावल्यावर उलगडा होतो. टाकीतल्या पंपाला वीज पोचवायला कोणीतरी जुन्या पेट्रोलमीटरच्या केसाएवढ्या वायरीचा आधार घेतलेला असतो. बॅटरीपाशी बारा-साडेबारा व्होल्ट, पंपापाशी जेमतेम दहा. हेडलाइट लागले की आणखी कमी. व्होल्ट पडले की पंप मंदावतो, पंप मंदावला की दाब पडतो. एक रिले, एक फ्यूज, बॅटरीपासून थेट जाड वायर आणि चांगली अर्थिंग दिली की भूत उतरते. लिंबू-मिरची तशीच राहते, तिचा त्रास काही नसतो.

डिझेलवाले या सगळ्याकडे बघून हसतात. जीपमध्ये दुसरे डिझेल इंजिन बसवणाऱ्यांची दुखणी वेगळी. तिथे तीनचा प्रश्नच नाही, जुन्या पद्धतीचा इंजेक्टरसुद्धा शंभराच्या पुढच्या बारवर उघडतो. त्यांचा शत्रू एकच, हवा. ‘एअर घेतली’ म्हणत ते हातपंप मारत बसतात, आणि मारून झाले की डिझेलच्या हातांनीच चहाचा ग्लास उचलतात.

इंजिन बदलणे हे काही फक्त गल्लीबोळातले खूळ नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ च्या सुमारास काँटेसा काढली तेव्हा त्या ऐटबाज गाडीत अँबॅसिडरच्या घराण्यातले १४८९ सीसीचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे कंपनीने त्या जागी इसुझूचे अठराशे सीसीचे बसवले आणि मग १९९० च्या दशकात तेच अँबॅसिडरलाही दिले. फरक एवढाच, की कारखान्यात इंजिन बदलले की सोबत पंप, नळ्या, वायरिंग या सगळ्यांचा विचार करणारी माणसे पगारावर असतात. गल्लीत तो विचार रविवारी होतो.

अमेरिकेत तर हा राष्ट्रीय छंद आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सचे एलएस जातीचे व्ही-८ इंजिन आले आणि तेव्हापासून ते तिथल्या लोकांनी चिमुकल्या माझ्दा मियाटापासून जुनाट ट्रकपर्यंत जिथे मावेल तिथे बसवले. त्याला दाब लागतो ५८ पीएसआय, म्हणजे चार बार. एवढा खटाटोप करणाऱ्या या मंडळींमध्ये लाडका झालेला सुटा भाग चकचकीत टर्बो वगैरे नाही. तो आहे १९९९ नंतरच्या कॉर्व्हेटचा पेट्रोल फिल्टर, गाडीखाली बसणारा एक साधा डबा. त्याच्या पोटातच रेग्युलेटर असतो, ५८ वर कायमचा बसवलेला. स्क्रू नाही, आवळणे नाही, मतभेद नाहीत. परतीची नळी टाकीपाशीच आटोपते आणि इंजिनाकडे एकच नळी जाते. स्क्रू दिला की माणूस तो फिरवणारच, हे त्या डब्याच्या कर्त्याला ठाऊक असावे. आपल्याकडे तो डबा आला असता तर कोणीतरी त्यालाही भोक पाडून स्क्रू बसवला असता.

थट्टा बाजूला ठेवावी अशी एक जागा आहे, ती म्हणजे पाइप. कार्ब्युरेटरच्या गाडीत मोटारसायकलचा तो पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर आणि साधी होज क्लिप चालून जात असे. तीन पीएसआयला गळती म्हणजे एखादा थेंब. तीन बारला गळती म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा. रबरी पाइपावर छापलेले वाचावे : ‘३० आर ७’ हा कार्ब्युरेटरच्या कामाचा, इंजेक्शनला ‘३० आर ९’ लागतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. आपल्याच उसाचे असले म्हणून ते जुन्या रबराशी प्रेमाने वागते असे नाही. तीस वर्षांचा पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि वाकवला की भेगा दाखवतो. पंपाला थेट बटण देण्याचा जुगाडही टाळावा. गाडी ठोकली आणि इंजिन बंद पडले तर ईसीएम पंप आपोआप थांबवतो. बटणाला ते कळत नाही, ते पेट्रोल ओततच राहते.

आणि आरटीओ. इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो, त्यामुळे बदलले तर नोंद करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की गाडी मूळ कंपनीच्या वर्णनापासून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. तेव्हा इंजिनाच्या शोधात नाना पेठेत फिरण्याआधी एक फेरी आरटीओत मारलेली बरी. तिथेही दाब असतो, पण तो मोजायचा गेज अजून बाजारात आलेला नाही.

पेट्रोलचा गेज मात्र आलेला आहे. टी-जोड, पाइप आणि दोन-चार अडॅप्टर असलेला त्याचा संच जिप्सीची चाळीस लिटरची टाकी फुल करायला लागतात त्यापेक्षा कमी पैशांत मिळतो. ज्या वाचकांच्या अंगणात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली ‘फक्त पाइप जोडायचे राहिलेत’ या अवस्थेत उभी असेल त्यांनी तो आधी घ्यावा, रेग्युलेटरची नळी काढून आकडा वाचावा आणि फोनवर उस्तादांना नुसते ‘तीन’ न सांगता, पुढे बार की पीएसआय तेही सांगावे.